लीलावतीतील लंब आणि समद्विभुज त्रिकोण

समद्विभुज त्रिकोण म्हणजे ज्याच्या दोन बाजू समान लांबीच्या असतात असा त्रिकोण होय. त्याच्या शिरोबिंदूतून पायावर काढलेला लंब पायाचे दोन समान भाग करतो. हा शालेय भूमितीतील एक मूलभूत गुणधर्म आहे. भास्कराचार्यांच्या (जन्म शके १०३६, इ.स. १११४) 'लीलावती' या ग्रंथात लंबामुळे पायाचे जे दोन भाग पडतात त्यांना 'आबाधा' म्हटले आहे, आणि कोणत्याही त्रिकोणाच्या आबाधा काढण्याचा नियम दिला आहे. समद्विभुज त्रिकोण हे त्या नियमाचे सर्वांत सोपे उदाहरण ठरते. लीलावती हा इ.स. ११५० मध्ये पूर्ण झालेल्या 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथाचा पहिला भाग आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख खानदेशात, जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे आहे.

संज्ञा

समद्विभुज त्रिकोणाच्या समान बाजू ज्या बिंदूत मिळतात त्यास शिरोबिंदू, तेथील कोनास शीर्षकोन, शिरोबिंदूसमोरील बाजूस पाया आणि पायालगतच्या दोन कोनांस पायालगतचे कोन म्हणतात. पाया ही आकृतीतील खालची किंवा आडवी बाजूच असते असे नाही. त्रिकोण कसाही फिरवून काढला तरी समान बाजूंव्यतिरिक्त उरलेली बाजू हाच पाया मानतात. तिन्ही बाजू समान असलेला समभुज त्रिकोण हा समद्विभुज त्रिकोणाचाच विशेष प्रकार असून त्याची कोणतीही बाजू पाया मानता येते.

संस्कृत गणितग्रंथांत बाजूस भुज, पायास भू, भूमी किंवा मही, तर काटकोन त्रिकोणास जात्य त्रिभुज म्हणतात. जात्य त्रिभुजाच्या काटकोन करणाऱ्या बाजूंना भुज आणि कोटी, तर काटकोनासमोरील बाजूस कर्ण ही संज्ञा आहे. यांपैकी कर्ण, लंब आणि भुज हे शब्द आजच्या मराठी पाठ्यपुस्तकांतही त्याच अर्थाने वापरले जातात. आबाधा हा शब्द मात्र शालेय वापरातून गेला आहे.

मूलभूत प्रमेये

पायालगतच्या कोनांचे प्रमेय: त्रिकोणाच्या दोन बाजू एकरूप असतील, तर त्यांच्यासमोरील कोन एकरूप असतात.

सिद्धता: ∆अबक मध्ये बाजू अब = बाजू अक आहे. ∠अ चा दुभाजक काढला आणि तो बाजू बक ला म बिंदूत मिळाला असे मानू. ∆अबम आणि ∆अकम मध्ये अब = अक, ∠बअम = ∠कअम आणि अम ही सामाईक बाजू आहे. म्हणून बाकोबा कसोटीने हे त्रिकोण एकरूप आहेत आणि ∠ब = ∠क.

याच एकरूपतेतून आणखी दोन निष्कर्ष मिळतात. बम = कम, म्हणजे म हा पायाचा मध्यबिंदू आहे. तसेच ∠अमब = ∠अमक असून हे दोन्ही कोन रेषीय जोडीत असल्याने प्रत्येक कोन ९० अंशांचा आहे. म्हणजे अम ही एकच रेषा शीर्षकोनाचा दुभाजक, पायावरील मध्यगा, पायावरील शिरोलंब आणि पायाचा लंबदुभाजक अशी चारही कामे करते.

युक्लिडच्या 'मूलतत्त्वे' या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकात हे पाचवे प्रमेय आहे. कोन कसा दुभागावा हे युक्लिड त्यानंतर सांगतो. त्यामुळे त्याची सिद्धता दुभाजकाचा आधार न घेता समान बाजू पुढे वाढवून केलेली आहे. अलेक्झांड्रियाच्या पॅपसची म्हणून ओळखली जाणारी सिद्धता याहून लहान आहे. तीत ∆अबक ची तुलना त्याच्याच उलट क्रमाने वाचलेल्या ∆अकब शी करतात. अब = अक, अक = अब आणि ∠अ सामाईक असल्याने दोन्ही एकरूप ठरतात व ∠ब = ∠क मिळते. तीत कोणतीही नवी रेषा काढावी लागत नाही.

व्यत्यास: त्रिकोणाचे दोन कोन एकरूप असतील, तर त्यांच्यासमोरील बाजू एकरूप असतात. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातील हे सहावे प्रमेय होय.

लंबदुभाजकाचे प्रमेय: रेषाखंडाच्या लंबदुभाजकावरील प्रत्येक बिंदू त्या रेषाखंडाच्या दोन्ही अंत्यबिंदूंपासून समान अंतरावर असतो. उलट, अंत्यबिंदूंपासून समान अंतरावर असलेला प्रत्येक बिंदू लंबदुभाजकावर असतो. समद्विभुज त्रिकोणाच्या भाषेत सांगायचे तर, एकाच पायावर उभारलेल्या सर्व समद्विभुज त्रिकोणांचे शिरोबिंदू एकाच रेषेवर येतात. कंपासने रेषेवर लंब काढण्याची शालेय रचना याच प्रमेयावर आधारलेली आहे. त्या रचनेत समान त्रिज्येचे कंस छेदून मिळणारा बिंदू हा समद्विभुज त्रिकोणाचा शिरोबिंदू असतो.

आबाधांचा नियम

लीलावतीतील क्षेत्रव्यवहार या प्रकरणात त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून लंब आणि क्षेत्रफळ काढण्याची रीत दिली आहे. ती पुढीलप्रमाणे सांगता येते: पाया सोडून उरलेल्या दोन बाजूंची बेरीज व वजाबाकी यांचा गुणाकार करावा, त्यास पायाने भागावे, आलेला भागाकार पायात एकदा मिळवावा व एकदा पायातून वजा करावा, आणि दोन्हींची निमपट करावी. या दोन आबाधा होत. मोठी आबाधा मोठ्या बाजूकडे आणि लहान आबाधा लहान बाजूकडे असते. बाजूच्या वर्गातून तिच्याकडील आबाधेचा वर्ग वजा करून वर्गमूळ घेतले की लंब मिळतो. लंब आणि पाया यांच्या गुणाकाराची निमपट म्हणजे क्षेत्रफळ.

नियमाचे कारण असे: लंबामुळे त्रिकोणाचे दोन काटकोन त्रिकोण होतात आणि लंब ही दोघांची सामाईक बाजू असते. म्हणून लंबाचा वर्ग दोन प्रकारे मिळतो, आणि दोन बाजूंच्या वर्गांतील फरक हा आबाधांच्या वर्गांतील फरकाएवढा ठरतो. वर्गांतील फरक म्हणजे बेरीज आणि वजाबाकी यांचा गुणाकार. आबाधांची बेरीज म्हणजे पाया. त्यामुळे बाजूंची बेरीज गुणिले बाजूंची वजाबाकी यास पायाने भागल्यास आबाधांमधील फरक मिळतो. बेरीज आणि फरक ठाऊक असलेल्या दोन संख्या काढणे एवढेच मग उरते.

पाया १४ आणि बाजू १३ व १५ हे लीलावतीतील उदाहरण आहे. बाजूंची बेरीज २८, वजाबाकी २, गुणाकार ५६. १४ ने भागून ४. म्हणून आबाधा ९ आणि ५. १३ च्या वर्गातून, म्हणजे १६९ मधून, २५ वजा करून १४४ उरतात, लंब १२. क्षेत्रफळ ८४. हा त्रिकोण म्हणजे ५, १२, १३ आणि ९, १२, १५ हे दोन जात्य त्रिभुज १२ या सामाईक बाजूवर जोडून झालेली आकृती आहे.

समद्विभुज त्रिकोणात नियमाचे रूप

दोन्ही बाजू समान असतील तर त्यांची वजाबाकी शून्य होते, गुणाकार शून्य होतो आणि दोन्ही आबाधा पायाच्या निमपट येतात. म्हणजेच लंब पायाच्या मध्यबिंदूवर पडतो. उलट, आबाधा समान असतील तर त्यांचा फरक शून्य. म्हणून बाजूंची बेरीज आणि वजाबाकी यांचा गुणाकार शून्य. बेरीज शून्य असू शकत नाही, तेव्हा वजाबाकीच शून्य आणि बाजू समान. अशा प्रकारे प्रमेय आणि त्याचा व्यत्यास एकाच नियमातून मिळतात. ही सिद्धता पायथागोरसच्या सिद्धान्तावर अवलंबून आहे. एकरूपतेची सिद्धता त्याआधीच्या पायरीवर उभी आहे, हा दोहोंतील फरक आहे.

दोन सारखे जात्य त्रिभुज एका सामाईक बाजूवर जोडले की समद्विभुज त्रिकोण तयार होतो. ५, १२, १३ हे दोन त्रिकोण १२ च्या बाजूवर जोडल्यास १३, १३, १० हा त्रिकोण मिळतो. ५ च्या बाजूवर जोडल्यास १३, १३, २४ हा. पहिल्यात लंब १२ आणि दुसऱ्यात ५ आहे. पहिला लघुकोन आणि दुसरा विशालकोन त्रिकोण आहे, तरी दोहोंचे क्षेत्रफळ ६० च आहे, कारण दोन्ही त्याच दोन तुकड्यांचे बनलेले आहेत. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मधील 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात अशा परिमेय बाजूंच्या समद्विभुज त्रिकोणांची रचना सांगितली आहे.

ऋण आबाधा

आबाधांच्या नियमाचे महत्त्व लंब त्रिकोणाबाहेर पडतो तेव्हा विशेष दिसते. पाया ९ आणि बाजू १० व १७ हे लीलावतीतील दुसरे उदाहरण आहे. बेरीज २७, वजाबाकी ७, गुणाकार १८९. ९ ने भागून २१. हा भागाकार पायापेक्षा मोठा आहे. मिळवून निमपट केल्यास १५ येतात. वजा करून निमपट केल्यास ऋण ६. भास्कराचार्य हे उत्तर अशक्य म्हणून टाकून देत नाहीत. ऋण आबाधा म्हणजे विरुद्ध दिशेची आबाधा, असा अर्थ ते लावतात. लंबाचा पाय पायाच्या टोकापलीकडे ६ एककांवर पडतो. लंब ८ आणि क्षेत्रफळ ३६ मिळते. आकृतीच्या दृष्टीने ८, १५, १७ या जात्य त्रिभुजातून ६, ८, १० हा जात्य त्रिभुज काढून टाकल्यावर हा त्रिकोण उरतो.

समद्विभुज त्रिकोणात पायालगतचे दोन्ही कोन समान आणि म्हणून लघुकोन असतात. त्यामुळे शिरोबिंदूतून पायावरचा लंब कधीच बाहेर पडत नाही. शीर्षकोन विशालकोन असेल तर पायाच्या टोकांपासून समान बाजूंवर काढलेले लंब मात्र बाहेर पडतात. १३, १३, २४ या त्रिकोणात तसे घडते. बाहेर पडले तरी ते दोन लंब परस्परांशी समान असतात, कारण क्षेत्रफळ आणि संबंधित बाजू दोन्हीकडे सारखीच आहे.

मोर, बांबू आणि कमळ

लीलावतीतील काही प्रसिद्ध उदाहरणांत समद्विभुज त्रिकोण नावाने येत नाही, पण आकृतीत असतो. भास्कराचार्यांची उत्तरे जात्य त्रिभुजाच्या नियमाने काढलेली आहेत. आजच्या भूमितीच्या भाषेत तीच लंबदुभाजकाची उदाहरणे ठरतात.

एका उदाहरणात ९ हात उंचीच्या खांबावर मोर बसला असून खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे. खांबाच्या तिप्पट, म्हणजे २७ हात अंतरावरून साप बिळाकडे येतो आणि मोर त्याच्यावर तिरकी झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर ते बिळापासून किती अंतरावर भेटतात, असा प्रश्न आहे. मोराची मूळ जागा, सापाची मूळ जागा आणि भेटीचा बिंदू यांचा समद्विभुज त्रिकोण होतो, आणि भेटीचा बिंदू हा पहिल्या दोन जागा जोडणाऱ्या रेषाखंडाच्या लंबदुभाजकावर असतो. गणित असे: मोराची झेप हा कर्ण आणि भेटीपासून बिळापर्यंतचे अंतर ही जात्य त्रिभुजाची एक बाजू. दोहोंची बेरीज २७ आहे, कारण कर्ण सापाच्या चालीएवढा आहे. खांबाचा वर्ग ८१ हा त्यांच्या वर्गांतील फरक. म्हणून त्यांची वजाबाकी ८१ भागिले २७, म्हणजे ३. कर्ण १५ आणि बिळापासूनचे अंतर १२ हात.

दुसऱ्या उदाहरणात ३२ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडतो आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकतो. शेंड्याची पूर्वीची जागा, आताची जागा आणि मोडल्याचे ठिकाण यांचा समद्विभुज त्रिकोण होतो. बेरीज ३२, वर्ग २५६, म्हणून वजाबाकी ८. बांबू बुंध्यापासून १२ हातांवर मोडला आणि मोडलेला भाग २० हात.

तिसऱ्या उदाहरणात पाण्याबाहेर अर्धा हात आलेले कमळ वाऱ्याने कलून २ हात अंतरावर पाण्यात बुडते. देठाची लांबी बदलत नाही, म्हणून कमळाच्या दोन जागा आणि देठाचे मूळ यांचा समद्विभुज त्रिकोण होतो. येथे बेरजेऐवजी वजाबाकी (अर्धा हात) ठाऊक आहे. २ चा वर्ग ४ यास अर्ध्याने भागून बेरीज ८ मिळते. पाण्याची खोली पावणेचार हात आणि देठाची लांबी सव्वाचार हात येते.

तिन्ही उदाहरणांत आणि आबाधांच्या नियमात एकच सूत्र वापरले आहे: वर्गांतील फरक म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. मोराच्या उदाहरणात साप खांबाच्या उंचीएवढ्याच अंतरावर असता, तर भेट थेट बिळाशी झाली असती. तो त्याहून जवळ असता, तर उत्तर ऋण आले असते आणि भेटीचा बिंदू खांबाच्या पलीकडे गेला असता. ऋण आबाधेचा अर्थही नेमका हाच आहे.

लीलावतीतील नियमांची कारणमीमांसा पुढील टीकाकारांनी केली. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी इ.स. १५४५ मध्ये लिहिलेली 'बुद्धिविलासिनी' ही टीका त्यांत विशेष प्रसिद्ध आहे.

शंकू आणि दिक्साधन

समद्विभुज त्रिकोणाच्या लंबाचा प्राचीन ज्योतिषातील महत्त्वाचा उपयोग दिशा ठरवण्यासाठी होत असे. सपाट जमिनीवर उभा शंकू रोवून त्याच्याभोवती वर्तुळ काढतात. सकाळी सावलीचे टोक वर्तुळास जेथे स्पर्श करते तेथे एक आणि दुपारनंतर पुन्हा जेथे स्पर्श करते तेथे दुसरी खूण करतात. दोन्ही वेळची सावली समान लांबीची असल्याने शंकूचा तळ आणि दोन खुणा यांचा समद्विभुज त्रिकोण होतो. त्याचा पाया पूर्व-पश्चिम आणि तळातून पायावर काढलेला लंब दक्षिणोत्तर दिशा दाखवतो. कात्यायन शुल्बसूत्रात दोन खुणांवर खुंट्या रोवून दोराची टोके त्यांत अडकवण्याची आणि दोर मध्यावर धरून दोन्ही बाजूंस ताणण्याची रीत आहे. ताणलेला दोर प्रत्येक वेळी समद्विभुज त्रिकोण करतो आणि त्याचे दोन शिरोबिंदू जोडणारी रेषा लंबदुभाजक असते. सूर्याची क्रांती दिवसभरात किंचित बदलत असल्याने ही रीत पूर्णपणे अचूक नाही, म्हणून सिद्धान्तग्रंथांत तिच्यासाठी दुरुस्तीही सांगितली आहे.

जळगाव आणि धुळे ही शहरे सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहेत. त्यामुळे मे महिन्याच्या उत्तरार्धात आणि जुलैच्या मध्यानंतर अशी वर्षातून दोनदा तेथे मध्यान्हीची सावली नाहीशी होते. या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे, तर वर्षाच्या उरलेल्या काळात उत्तरेकडे पडते.

बांधकामातही हाच गुणधर्म उपयोगी पडतो. समद्विभुज चौकटीच्या शिरोबिंदूवरून ओळंबा सोडला आणि दोरी पायाच्या मध्यखुणेवरून गेली, तर पाया क्षितिजसमांतर असतो. दोरी खुणेपासून सरकली तर तो कललेला असतो.

पाटण आणि बहाळ येथील शिलालेख

पाटण हे गाव चाळीसगावच्या दक्षिणेस डोंगराच्या पायथ्याशी असून तेथील देवीच्या स्थानामुळे पाटणादेवी या नावाने ओळखले जाते. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारे हे महत्त्वाचे साधन आहे. त्यात त्रिविक्रमापासून भास्कराचार्यांचे वडील महेश्वर, स्वतः भास्कराचार्य, पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव अशी वंशावळ दिली आहे. यादव राजा जैत्रपाल याने लक्ष्मीधरास आपल्या दरबारी नेले आणि चांगदेव हा सिंघण राजाचा प्रमुख ज्योतिषी होता, असे लेख सांगतो.

सिद्धान्तशिरोमणी आणि भास्कराचार्यांच्या वंशातील इतर ग्रंथांचे अध्यापन व्हावे यासाठी चांगदेवाने मठ स्थापन केला. यादवांचा मांडलिक निकुंभवंशी सोइदेव याने इ.स. १२०७ मध्ये, श्रावण पौर्णिमेच्या चंद्रग्रहणप्रसंगी, या मठास दान दिले. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असून अखेरचा, मठाला मिळणाऱ्या उत्पन्नाच्या बाबी सांगणारा भाग तत्कालीन मराठीत आहे. गणिताच्या अध्यापनाचा खर्च कसा भागावा, ही तरतूद लोकभाषेत नोंदली गेली, हे या लेखाचे एक वैशिष्ट्य आहे. चाळीसगाव तालुक्यातीलच बहाळ येथे शके ११४४ (इ.स. १२२२) मधील दुसरा शिलालेख आहे. तो याच घराण्यातील अनंतदेव या ज्योतिष्याने बांधलेल्या मंदिराविषयी आहे.

भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड असल्याचे म्हटले आहे. हे गाव कोणते याविषयी मतभेद असून पाटणसह बीड आणि विजापूर ही नावेही सुचवली गेली आहेत. पाटणच्या लेखावरून भास्कराचार्यांचे जन्मस्थान सिद्ध होत नाही. त्यांच्या ग्रंथांची अध्ययनपरंपरा त्यांच्या नातवाच्या काळात खानदेशात चालू होती, एवढे मात्र निश्चित होते.

अध्यापनातील स्थान

महाराष्ट्र राज्याच्या इयत्ता नववीच्या भूमितीत समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय, त्याचा व्यत्यास आणि लंबदुभाजकाचे प्रमेय शिकवले जाते. काटकोन त्रिकोणाच्या कर्णावरील मध्यगा कर्णाच्या निमपट असते, हा गुणधर्मही तेथे येतो. या मध्यगेमुळे काटकोन त्रिकोणाचे दोन समद्विभुज त्रिकोण होतात.

शिरोलंब, मध्यगा, कोनदुभाजक आणि बाजूचा लंबदुभाजक या संज्ञांची गल्लत होण्याचे एक कारण समद्विभुज त्रिकोणच आहे, कारण त्यात पायाच्या बाबतीत त्या सर्व एकाच रेषेवर येतात. १३, १४, १५ या त्रिकोणात त्या वेगळ्या होतात. १४ या पायावरचा शिरोलंब १३ च्या बाजूकडील टोकापासून ५ एककांवर, कोनदुभाजक ६.५ एककांवर आणि मध्यगा ७ एककांवर मिळते. पायाचा लंबदुभाजकही ७ एककांवरूनच जातो, पण तो शिरोबिंदूतून जात नाही. एखाद्या त्रिकोणात एकाच शिरोबिंदूतून काढलेल्या शिरोलंब, मध्यगा आणि कोनदुभाजक यांपैकी कोणत्याही दोन रेषा एकच असतील, तर तो त्रिकोण समद्विभुज असतो.